सैल नटाचा चकवा

६,६०० व्होल्टवर चालणारी हजार किलोवॉटची मोटर सुमारे १०० अँपिअर प्रवाह घेते. तिच्या तीन केबलींपैकी एकीचा नट सैल पडून सांध्यात ०.०१ ओहम रोध आला, असे समजा. तेथे दाब घटतो अवघा १ व्होल्ट! तो कोणाच्या ध्यानात येणार? पण प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध करून पाहा : १०० × १०० × ०.०१ = १०० वॉट. बोटभर जागेत १०० वॉटचा दिवा कोंडल्यासारखेच हे. तांबे काळवंडते, रोध आणखी वाढतो, उष्णताही वाढते. शेवटी सांधा जळून तुटतो.

मेगर लावला तर तो मोटर निर्दोष ठरवतो. त्यावर विसंबणे घातकच. तो निरोधन तपासतो, सांधा नव्हे. साधा मल्टिमीटरही फसतो, कारण त्याच्या स्वतःच्या तारांचाच रोध याहून जास्त असतो. म्हणून पुरवठा तोडून, साठलेला विद्युत्‌भार जमिनीत सोडून मग लॉर्ड केल्व्हिनची युक्ती वापरतात. दोन तारांनी १० अँपिअर प्रवाह सोडायचा आणि वेगळ्या दोन तारांनी दाब मोजायचा. या दुसऱ्या तारांतून प्रवाह जवळजवळ वाहतच नाही, त्यामुळे त्यांचा रोध आड येत नाही. केबली दोन-दोन घेऊन तिन्ही जोड्या अशा मोजतात. दोन आकडे जास्त आणि एक कमी आला, तर दोष कोणत्या केबलीच्या सांध्यात, ते आता तुम्हीच सांगा.