पुडीवरचा कर आणि तोंडाचा कर्करोग

अर्थसंकल्प सादर झाला की 'सिगारेट महागली' ही बातमी ठरलेली असते. भोर तालुक्यातल्या भोंगवलीसारख्या गावात या बातमीने फारसे काही बदलत नाही. ग्रामीण महाराष्ट्रात सिगारेटपेक्षा चुना लावून मळलेली तंबाखू आणि सकाळी दातांना लावलेली मिश्री यांचेच चलन मोठे. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार राज्यात २६.६ टक्के प्रौढ तंबाखूचे सेवन करतात. धूम्रपान करणारे अवघे ३.८ टक्के, तर धूरविरहित तंबाखू घेणारे २४.४ टक्के आहेत. भारतीय पुरुषांमध्ये तोंडाचा कर्करोग सर्वाधिक आढळतो, त्याचे एक मोठे कारण इथेच आहे.

तंबाखू कमी करण्याच्या उपायांमध्ये करवाढ हा सर्वांत परिणामकारक मानला जातो. अल्प आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत किंमत १० टक्क्यांनी वाढली, तर खप सुमारे ५ टक्क्यांनी घटतो, असे अनेक अभ्यासांतून दिसले आहे. त्यातही शाळा-कॉलेजातली मुले आणि कमी उत्पन्नाची माणसे किमतीला लवकर दाद देतात. ज्याने सवय लावूनच घेतलेली नाही, त्याला महाग पुडी सुरुवातीलाच अडवते.

मग आपल्याकडे हे औषध का लागू पडत नाही? एक कारण मात्रेचे आहे. अलीकडच्या जीएसटी व्यवस्थेत किरकोळ किमतीतला कराचा वाटा सिगारेटवर सुमारे ५३ टक्के, धूरविरहित तंबाखूवर ६४ टक्के आणि बिडीवर केवळ २२ टक्के होता. ६४ टक्के ऐकायला मोठे वाटतात. पण पुडीच ५ रुपयांची असेल, तर कर होतो जेमतेम सव्वातीन रुपये. शिवाय कर वाढला की पुडीतली तंबाखू थोडी कमी करून किंमत तीच ठेवता येते. गिऱ्हाइकाला फरक जाणवत नाही. आठवडी बाजारातून सुटे पान आणून घरी भाजून केलेल्या मिश्रीपर्यंत तर कर पोहोचतच नाही.

१ फेब्रुवारी २०२६ पासून तंबाखूच्या बहुतेक पदार्थांवर ४० टक्के जीएसटी आणि वेगळे उत्पादन शुल्क लागू झाले. बिडीचा जीएसटी मात्र २८ वरून १८ टक्क्यांवर आला. फुप्फुसाला बिडीचा धूर सिगारेटपेक्षा सौम्य नसतो. आरोग्याच्या दृष्टीने हे पाऊल उलटे आहे.

आता हिशेबाची दुसरी बाजू. २०१७-१८ या वर्षी तंबाखूजन्य आजारांमुळे देशाचे १,७७,३४१ कोटी रुपयांचे नुकसान झाले, असा अंदाज संशोधकांनी मांडला आहे. यात ३५ वर्षांवरील रुग्णांचा उपचारखर्च, बुडालेली कमाई आणि अकाली मृत्यू धरलेले आहेत. तंबाखूवरच्या उत्पादन शुल्कातून मिळालेली रक्कम या नुकसानीच्या १२.२ टक्के भरते. म्हणजे शंभर रुपयांच्या हानीमागे तिजोरीत बारा रुपये. उरलेला भार सरकारी रुग्णालये, महात्मा फुले जनआरोग्य योजना आणि रुग्णाचे कुटुंब उचलते. शस्त्रक्रियेचा खर्च योजनेतून भागला, तरी पुण्याच्या खेपा आणि सोबत येणाऱ्याची बुडालेली मजुरी कोणत्याही योजनेत बसत नाही.

हानी पुढच्या पिढीलाही भोगावी लागते. मुंबईत १,२१७ गर्भवतींवर झालेल्या आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात धूरविरहित तंबाखू, मुख्यतः मिश्री, वापरणाऱ्या मातांच्या बाळांचे वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरले. या मातांमध्ये अपुऱ्या दिवसांच्या प्रसूतींचे प्रमाणही जास्त होते.

करवाढ गरिबांच्या खिशाला चटका लावते, हा आक्षेप खोटा नाही. पण आजाराचा फटकाही गरिबालाच अधिक बसतो. बिडी वळून पोट भरणाऱ्या सोलापूर-सिन्नरच्या महिलांचा आणि निपाणीच्या तंबाखू शेतकऱ्यांचा प्रश्नही खराच आहे. म्हणूनच वाढीव करातला ठरावीक हिस्सा व्यसनमुक्तीसाठी, कर्करोग तपासणीसाठी आणि या लोकांच्या पर्यायी रोजगारासाठी राखून ठेवायला हवा. तंबाखूवरचा जुना उपकर राज्यांच्या जीएसटी नुकसानभरपाईसाठी होता, आरोग्यासाठी नव्हे. फिलिपिन्सने २०१२ च्या कायद्याने तंबाखू-दारूच्या वाढीव करातला मोठा वाटा आरोग्याकडे वळवला. ते आपल्यालाही जमण्यासारखे आहे.

धोरण बदलेपर्यंत थांबण्याचे मात्र कारण नाही. भोंगवलीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रासारख्या ठिकाणी तिशी ओलांडलेल्यांच्या रक्तदाब-मधुमेह तपासणीसोबत तोंडाची तपासणीही मोफत करण्याची राष्ट्रीय कार्यक्रमात तरतूद आहे. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा दिसला, दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम असली, किंवा तीन बोटे उभी आत जात नाहीत इतके तोंड कमी उघडू लागले, तर लगेच दाखवावे. सुरुवातीला सापडलेला कर्करोग बरा होण्याची शक्यता खूपच जास्त असते. तंबाखू सोडायची असेल तर १८००-११-२३५६ या राष्ट्रीय मदतवाहिनीवर विनामूल्य सल्ला मिळतो.