काट्यावर न मावणारे कापड

इचलकरंजीत पहिला यंत्रमाग १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी बसवला आणि पुढे सारे गाव मागांच्या खडखडाटावर जगू लागले. आज त्याच गावातल्या डीकेटीई या वस्त्रतंत्र महाविद्यालयात केंद्र सरकारच्या योजनेतून नॉनवोव्हन कापडाचे उत्कृष्टता केंद्र चालते. या कापडाला ताणा नाही, बाणा नाही, माग तर नाहीच. सर्वसामान्य ग्राहकाची त्याच्याशी गाठ पडते ती दुकानदाराने दिलेल्या रंगीत, हाताला कागदासारख्या लागणाऱ्या पिशवीतून, आणि बहुतेकांना ती पिशवी कापडी वाटते. प्रत्यक्षात ती पॉलिप्रॉपिलीनची, म्हणजे प्लास्टिकचीच असते. म्हणून तर महाराष्ट्राच्या २०१८ च्या प्लास्टिकबंदीत तिचाही समावेश झाला. २०२१ मध्ये केंद्राने नियमांत दुरुस्ती करून अशी पिशवी चौरस मीटरला किमान ६० ग्रॅम भरली पाहिजे, असे ठरवले. कायद्याने लावलेले हे माप बाजाराचेही माप आहे. हे कापड किलोवर विकले जाते आणि त्याची ओळख ‘जीएसएम’ने, म्हणजे चौरस मीटरच्या वजनाने होते. पिशवीपुरते ते ठीक आहे. पण कारखाने, रस्ते आणि धरणे यांना लागणाऱ्या कापडालाही आपण हाच काटा लावतो, आणि आपल्याकडे या उद्योगाची वाढ नेमकी तिथे खुंटते, असे माझे म्हणणे आहे.

विणल्याशिवाय कापड होत नाही, ही समजूत निदान आपल्याकडे तरी असू नये. बुरणूस विणलेला नसतो. लोकर पिंजून, भिजवून, दाबून, तंतू एकमेकांत गुंतवून तो तयार होतो. लोकरीच्या तंतूला बारीक खवले असतात, त्यामुळे हे साधते. पॉलिएस्टरचा तंतू गुळगुळीत, तो आपणहून गुंतत नाही. म्हणून कारखान्यात तंतू पिंजून त्यांचे पातळ थर एकावर एक आडवे टाकतात आणि त्या लादीवर काटेरी सुयांचा पाट वेगाने वरखाली मारतात. सुईच्या अंगावरचे काटे वरचे तंतू ओढून खाली नेतात आणि सगळा थर घट्ट होतो. हे झाले नीडलपंच. दुसऱ्या रीतीत प्लास्टिकचे दाणे वितळवून त्यांचे अखंड तंतू सरकत्या पट्ट्यावर पसरतात आणि गरम रुळांखाली चिकटवतात. हा स्पनबाँड, आणि तो मिनिटाला शेकडो मीटर निघतो. तिसरी रीत मेल्टब्लोनची. वितळलेल्या प्लास्टिकवर गरम हवेचा झोत मारला की तंतू काही मायक्रॉन इतके बारीक होतात, म्हणजे माणसाच्या केसापेक्षा कितीतरी पट बारीक. तिचे मूळ अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेतले. अणुचाचण्यांनंतर वातावरणात तरंगणारे किरणोत्सारी कण पकडण्यासाठी तिथे १९५० च्या दशकात असे सूक्ष्म तंतू बनवले गेले. सुरुवातीपासूनच हे कापड अंगावर घालायचे नव्हते, त्याच्याकडून काम करून घ्यायचे होते.

आणि काम करतात ती तंतूंच्या मधली भोके. रस्त्याखाली घातले जाणारे भूवस्त्र पाहा. काळ्या मातीवर खडी टाकून रस्ता केला की पावसाळ्यात माती फुगते, लोण्यासारखी मऊ होते आणि गाड्यांच्या वजनाने खडीत घुसते. खडी खाली जाते, रस्ता बसतो. मधे नीडलपंच कापड असेल तर पाणी वर येते, माती येत नाही. आता भोके मोठी झाली तर मातीही येईल, आणि फार बारीक झाली तर ती गाळाने बुजून पाणीच अडेल. १९७० साली फ्रान्समधल्या व्हालक्रोस या मातीच्या धरणात निचऱ्याच्या खडीभोवती असे न विणलेले कापड गुंडाळले गेले. धरणात भूवस्त्र वापरल्याचे ते पहिले उदाहरण मानले जाते. तिथे प्रश्न होता तो त्या मातीच्या कणांना कोणत्या मापाचे भोक चालेल हा. सारख्या वजनाची दोन कापडे घेतली, तरी तंतूची जाडी आणि सुयांच्या टोचण्यांची संख्या बदलली की भोकांचे माप बदलते, पाणी जाण्याचा वेग बदलतो, फाटण्याची ताकदही बदलते. काट्यावर मात्र दोन्ही सारखीच.

हीच गोष्ट कारखान्याच्या धुराड्यात जास्त महागात पडते. चंद्रपूर जिल्ह्यात कोरपन्याच्या परिसरात सिमेंटचे मोठे कारखाने आहेत. तिथली धूळभरली हवा बाहेर सोडण्याआधी फेल्टच्या, म्हणजे नीडलपंच कापडाच्या, लांबलचक पिशव्यांमधून गाळतात. धूळ पिशवीच्या बाहेरच्या अंगावर बसते आणि ठरावीक वेळाने आतून दाबाच्या हवेचा फटका मारून ती झटकली जाते. पिशवीचे कापड साधारण चौरस मीटरला ५०० ग्रॅमचे असते, पण ते कशाचे हे महत्त्वाचे. पॉलिएस्टर १३० अंशांच्या आसपास चांगले टिकते, पण गरम वाफ लागली की त्याचे रेणू तुटू लागतात. आम्लधर्मी वायूंना पीपीएस (पॉलिफेनिलीन सल्फाइड) चालते, पण प्राणवायूचे प्रमाण वाढले की तेही ठिसूळ होते. २०० अंशांच्या आसपास आणि पुढे अ‍ॅरामिड, पॉलिइमाइड, काचतंतू, टेफ्लॉन अशी चढती आणि महागडी भाजणी लागते. म्हणजे कापड विकणाऱ्याला गिऱ्हाइकाची भट्टी कळली पाहिजे. वायूत ओल किती, गंधक किती, भट्टी थांबते-सुरू होते तेव्हा तापमान दवबिंदूखाली जाते का? शेकडो पिशव्यांपैकी एक फाटली तरी धुराड्यातून धूळ दिसू लागते. त्यामुळे चांगला विक्रेता प्रत्यक्षात पिशवीचे आयुष्य आणि धुळीची हमी विकतो. कापड हे त्या हमीचे वेष्टन.

कापडाचे काम वजनावरून कळत नाही, याचा उघड पुरावा २०२० च्या कोविडच्या साथीने दिला. एन-९५ मुखपट्टीतला मधला मेल्टब्लोन थर धूळ अडवतो तो बऱ्याच अंशी तंतूंवर साठवलेल्या स्थिर विद्युतभाराच्या जोरावर. तोच थर अल्कोहोलमध्ये बुडवून वाळवला तर वजन तितकेच राहते, डोळ्यांना फरक दिसत नाही, पण भार निघून जातो आणि गाळण्याची क्षमता झपाट्याने घसरते. त्या वर्षी जगभर अनेकांनी मेल्टब्लोनची यंत्रे मागवली. मागणी ओसरल्यावर त्यातली बरीच पडून राहिली. यंत्र पैसे टाकले की मिळते, त्यावरून निघालेले कापड नेमके कुठे चालेल हे ज्ञान त्याच्यासोबत येत नाही. ज्यांच्याकडे ते होते, त्यांनी तीच यंत्रे हवा-पाण्याच्या फिल्टरकडे, तेल शोषणाऱ्या चादरींकडे वळवली.

यावर धंद्यातला माणूस म्हणेल, हे सगळे खरे, पण निविदा तर सर्वांत कमी दरालाच मिळते. आक्षेप बिनतोड आहे आणि दोष बनवणाऱ्याचा नाही. निविदेत फक्त जीएसएम लिहिले असेल तर भरड, जाड तंतूचे कापड वजनात बसवून कमी दर टाकणाराच जिंकणार. भोकांचे माप, पाणी वाहण्याची क्षमता, टोचून फाटण्याची ताकद यांचे आकडे मागितले तरच चांगले कापड बनवणाऱ्याला संधी. भारतीय रोड काँग्रेसची भूवस्त्रांविषयीची मार्गदर्शिका आणि भारतीय मानके उपलब्ध आहेत. २०२३ मध्ये केंद्राने १९ प्रकारच्या भूवस्त्रांसाठी गुणवत्ता नियंत्रण आदेशही काढले. मग छोटे कारखानदार म्हणतात की चाचण्यांचा खर्च आम्हाला परवडत नाही. त्यांचेही बरोबर आहे, कारण प्रत्येकाने प्रयोगशाळा उभारणे शक्य नाही. पण सामाईक प्रयोगशाळा असू शकतात. घाटकोपरच्या बीटीआरए या वस्त्र संशोधन संस्थेकडे भूवस्त्रांचे काम आहे, इचलकरंजीत नॉनवोव्हनचे. फेब्रुवारी २०२० मध्ये मंजूर झालेल्या राष्ट्रीय तांत्रिक वस्त्र मोहिमेला १,४८० कोटी रुपये ठरवले गेले. असा पैसा नव्या यंत्रांच्या अनुदानापेक्षा चाचण्यांचे शुल्क उचलण्यात आणि अभियंत्यांना निविदा लिहायला शिकवण्यात गेला तर जास्त उपयोगी पडेल, असे मला वाटते. यातून यंत्रमागांवरचे गेलेले रोजगार भरून निघतील, अशी आशा मात्र कोणी दाखवू नये. नॉनवोव्हनची एक पूर्ण लाइन मोजक्या माणसांवर चालते. काम थोडेफार वाढेल ते कापणी-शिलाईत आणि भट्टीवर जाऊन पिशव्या बदलण्यात.

सर्वांत गंभीर आक्षेप प्लास्टिकचा आहे. पिशवीवर बंधने घालायची आणि तेच पॉलिप्रॉपिलीन मैलोन्‌मैल जमिनीत पुरायचे, यात विसंगती दिसते. काथ्याचे भूवस्त्र हा पर्याय आहेही. २०२० मध्ये प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेच्या तिसऱ्या टप्प्यात सात राज्यांतल्या १,६७४ किलोमीटर रस्त्यांसाठी ते ठरवले गेले, त्यात महाराष्ट्राचे ३२८ किलोमीटर होते. घाटातल्या उतारावर तर काथ्याच योग्य. गवताची मुळे धरेपर्यंत माती थोपवायची आणि काही वर्षांत कुजून जायचे, एवढेच त्याचे काम. माती कालांतराने आपणच दबून घट्ट होणार असेल तर ग्रामीण रस्त्याखालीही तो पुरतो. पण धरणाच्या निचऱ्यात किंवा जड वाहतुकीच्या महामार्गाखाली कापड कुजणे म्हणजे बांधकाम बिघडणे. तिथे प्लास्टिकला आज पर्याय नाही, आणि ते पुरण्याचे समर्थन एकाच अटीवर होऊ शकते: त्याच्यामुळे रस्ता पुन्हा उकरावा लागू नये, खडीचे डोंगर पुन्हा फोडावे लागू नयेत. धुराड्यातली जुनी पिशवी निदान सिमेंटच्या भट्टीतच इंधन म्हणून जाळता येते. रस्त्याखाली गेलेले कापड कोणी परत काढत नाही, त्यामुळे त्याची तपासणी व्हायची ती ट्रकमधून उतरल्यावर, खडी पडण्याआधी. त्या वेळी साइटवरच्या कनिष्ठ अभियंत्याच्या हातात चाचणीचा अहवाल असतो की नुसती वजनाची पावती, हे निविदेतल्या दोन-तीन ओळींवर ठरते.