मटिल्डा कास्त्रेनचा उन्हाळा

जून 2021 च्या मध्यावर फिनिश गोल्फपटू मटिल्डा कास्त्रेनसमोर एक चमत्कारिक अडचण होती. अमेरिकेतल्या एलपीजीए दौऱ्यावरची स्पर्धा तिने नुकतीच जिंकली होती. सप्टेंबरमध्ये युरोप विरुद्ध अमेरिका अशी सोलहाइम चषकाची लढत व्हायची होती आणि युरोपच्या बारा जणींत ही मुलगी हवीच, असं तिचा खेळ पाहणाऱ्या कुणालाही वाटलं असतं. पण नियमाने तिला घेताच येत नव्हतं. युरोपच्या संघात बसायचं तर लेडीज युरोपियन टूरचं सदस्यत्व लागतं, आणि ते तिच्याकडे नव्हतं. जन्म युरोपातला, पासपोर्ट युरोपातला, रोजीरोटी मात्र अमेरिकेच्या दौऱ्यावर. हंगाम निम्मा सरत आलेला असताना जवळचा रस्ता एकच उरला होता: युरोपियन दौऱ्यावरची एखादी स्पर्धा थेट जिंकायची.

मटिल्डाचा जन्म 1995 चा, हेलसिंकीला खेटून असलेल्या एस्पोचा. फिनलंडमध्ये गोल्फचं मैदान ढोबळमानाने मे ते ऑक्टोबर एवढंच हाती लागतं. बाकीचे महिने बर्फाचे. मग छपराखाली, जाळीसमोर चेंडू मारत बसायचं किंवा देश सोडायचा. मटिल्डाने फ्लोरिडा स्टेट विद्यापीठ गाठलं, तिथल्या संघाकडून खेळली आणि 2017 मध्ये व्यावसायिक झाली. पुढची वर्षं अशा खेळाडूंची जातात तशीच गेली. एलपीजीएच्या खालच्या पायरीवर सिमेट्रा टूर होती. तिथे मोटारीने गावोगाव फिरायचं, बक्षिसाच्या पैशात प्रवास आणि मुक्काम कसाबसा भागवायचा. 2020 साली मिशिगनमधल्या बॅटल क्रीकला तिने त्या दौऱ्यावर विजय मिळवला. या वर्षांबद्दल याहून फार सांगण्यासारखं नाही, आणि तीच त्यांची गंमत आहे. पाहणाऱ्याला त्यात काही घडताना दिसत नाही.

तिच्या आधी फिनिश गोल्फ अगदीच कोरं होतं असं मात्र नाही. मिको इलोनेनने 2000 साली ब्रिटिश ॲमॅच्युअर जिंकली आणि 2014 मध्ये वर्ल्ड मॅच प्लेच्या अंतिम सामन्यात हेन्रिक स्टेन्सनला हरवलं. मिनेआ ब्लोमक्विस्टने 2004 च्या महिला ब्रिटिश ओपनमध्ये, सनिंगडेलला, तिसऱ्या फेरीत 62 फटक्यांत अठरा होल पुरे केले. तोवर कुठल्याही मेजर स्पर्धेत, पुरुषांच्यासुद्धा, कुणाला एवढ्या कमी फटक्यांत फेरी संपवता आली नव्हती. तरीही अमेरिकेच्या अव्वल दौऱ्यावर एकाही फिनिश खेळाडूच्या नावावर विजेतेपद नव्हतं. पुरुषाच्या नाही, बाईच्याही नाही.

ते पहिलं विजेतेपद 13 जून 2021 ला आलं. सॅन फ्रान्सिस्कोला लागून डेली सिटी आहे. तिथल्या लेक मर्सेड क्लबवर मेडिहील चॅम्पियनशिप होती. शेवटच्या दिवशी मटिल्डाने 65 ची फेरी मारली, एकूण पारपेक्षा, म्हणजे मैदानासाठी ठरलेल्या फटक्यांपेक्षा, 14 कमी, आणि तैवानच्या मिन लीला दोन फटक्यांनी मागे टाकलं. अमेरिकेत दोन वर्षं पक्की झाली, नाव झालं, पैसे मिळाले. सोलहाइमचं दार तेवढं बंदच राहिलं.

जुलैत ती मायदेशी आली. तुर्कू शहराजवळ रुइसालो नावाचं बेट आहे, त्यावर आउरा गोल्फ हे मैदान. तुर्कू हे पावो नुर्मीचं गाव, ऑलिंपिकमध्ये नऊ सुवर्णपदकं धावून आणणाऱ्या नुर्मीचं. या दिवसांत तिथे रात्री दहालाही लख्ख उजेड असतो. स्पर्धा होती गँट लेडीज ओपन: तीन दिवसांची, बक्षिसाची रक्कम मेडिहीलच्या मानाने किरकोळ. महिन्यापूर्वी एलपीजीएची स्पर्धा जिंकलेल्या खेळाडूने इथे यावं, असं हिशेबाच्या वहीत कुठेच बसत नाही. मटिल्डा आली आणि जिंकली. विजेतेपदाबरोबर युरोपियन टूरचं सदस्यत्व मिळालं आणि कर्णधार कॅट्रिओना मॅथ्यूच्या हातात तिला निवडण्याचा अधिकार आला.

तिच्या कारकिर्दीबद्दल बोलताना सगळे त्या सप्टेंबरात टोलिडोला, सोलहाइम चषकात, तिने मारलेल्या पटकडे, म्हणजे चेंडू होलात ढकलण्याच्या फटक्याकडे, धावतात. मला तुर्कूचा विजय मोठा वाटतो. टोलिडोत एखादा सामना हातचा गेला असता तर सावरायला अकरा जणी होत्या. तुर्कूत दुसऱ्या क्रमांकालाही काही किंमत नव्हती, घरचे लोक बघत होते, आणि ती कशासाठी आली आहे हे गुपित नव्हतं. गोल्फमध्ये ठरवून जिंकता येत नाही. दीडशे माणसांच्या खेळात जगातली उत्तम खेळाडूसुद्धा बहुतेक आठवडे हरतच असते. ज्या आठवड्यात जिंकणं भाग आहे नेमक्या त्याच आठवड्यात जिंकणारे थोडे.

ऑगस्टमध्ये टोकियो ऑलिंपिक. मटिल्डा आणि सान्ना नूटिनेन या दोघी फिनलंडकडून खेळल्या. हीच ती स्पर्धा, जिच्यासाठी भारतात गोल्फची काठी कधी हातात न धरलेले लोकही पहाटे उठून टीव्हीसमोर बसले होते, कारण अदिती अशोक पदकाच्या रांगेत होती आणि शेवटी चौथी आली. त्या सकाळी आपल्याला अदितीच दिसत होती, साहजिकच. बाकीच्या नावांत मटिल्डाचंही नाव होतं. ऑगस्टच्याच उत्तरार्धात कार्नूस्टीची ब्रिटिश ओपन आटोपली आणि मॅथ्यूने आपल्या हक्काच्या सहा निवडी जाहीर केल्या. सोलहाइम संघात येणारी मटिल्डा ही पहिली फिनिश खेळाडू.

सोलहाइम चषकात नेहमीसारखी फटक्यांची बेरीज होत नाही. समोरच्या खेळाडूशी एकेक होल लढायचा, सामना जिंकला की संघाला एक गुण. पहिले दोन दिवस जोड्यांचे, तिसऱ्या दिवशी बारा एकेरी सामने, एकूण गुण 28. चषक आधीपासून ज्यांच्याकडे आहे त्यांना तो राखायला 14 गुण पुरतात. 2019 मध्ये स्कॉटलंडच्या ग्लेनिगल्सला सुझान पेटरसनने अगदी शेवटच्या पटवर तो युरोपला मिळवून दिला होता. 2021 ची लढत ओहायोतल्या टोलिडोच्या इनव्हर्नेस क्लबवर झाली. महामारीमुळे युरोपचे चाहते येऊ शकले नव्हते, मैदानाभोवतीची गर्दी जवळजवळ सगळी अमेरिकेची. दोन दिवसांनंतर युरोप 9-7 ने पुढे होता.

6 सप्टेंबरच्या सोमवारी मटिल्डासमोर लिझेट सालास होती. सामना अठराव्या होलपर्यंत ताणला गेला. मटिल्डा एका होलने पुढे होती. तिच्यापुढे पारसाठीचा पट होता, साधारण दहा फुटांचा. हे अंतर गोल्फमध्ये वाईट. फार लांब असेल तर चुकलं तरी कुणी बोल लावत नाही, अगदी जवळ असेल तर जातोच. दहा फुटांवर व्यावसायिक खेळाडूंचेही निम्म्याहून अधिक पट बाहेर राहतात. हा आत गेला. मटिल्डा एका होलने जिंकली, युरोपचे 14 गुण झाले आणि चषक युरोपात राहणार हे ठरलं. पुढे सामना 15-13 असा सुटला. अमेरिकेच्या भूमीवर सोलहाइम जिंकण्याची युरोपची ही दुसरीच वेळ. लिओना मॅग्वायरने त्या तीन दिवसांत साडेचार गुण मिळवले, तेव्हा कौतुकाचा मोठा वाटा तिचा, आणि तो योग्यच. पण जून संपताना जिला संघात घेणंच शक्य नव्हतं, तिच्या पटने चषक राखला.

त्यानंतरची वर्षं इतकी उजळ नाहीत. 2023 ला सोलहाइम स्पेनमध्ये झाला तेव्हा युरोपच्या संघात मटिल्डा नव्हती. यावरून तिला एका मोसमाची खेळाडू म्हणणारे आहेत. मला ते पटत नाही. दौऱ्यावर दहा दहा वर्षं काढूनही एकदाही न जिंकलेल्या गुणी खेळाडूंची संख्या मोठी आहे. एका उन्हाळ्यात दोन खंडांवर दोन विजेतेपदं आणि चषक राखणारा गुण एवढी जमा असलेल्या खेळाडूकडून आणखी मागायचा हक्क आपल्याला कुणी दिला?

नोव्हेंबर 2025 मध्ये फिनलंडच्याच सामी व्हॅलिमॅकीने जॉर्जियातल्या सी आयलंडची आरएसएम क्लासिक जिंकली. हा मुलगा नोकिया गावचा, म्हणजे ज्या गावावरून फोनच्या कंपनीने नाव घेतलं तिथला. एकविसाव्या वर्षी ओमान ओपन जिंकून तो 2020 चा युरोपियन टूरचा सर्वोत्तम नवोदित ठरला होता, 2023 ला त्याने कतार मास्टर्सही जिंकली. सी आयलंडनंतर पुरुषांच्या पीजीए टूरवर जिंकलेला पहिला फिन म्हणून त्याचं नाव लागलं. ते बरोबर आहे, आणि त्याने ते कष्टाने मिळवलं आहे. मात्र अमेरिकेच्या अव्वल दौऱ्यावर जिंकलेला पहिला फिनिश गोल्फपटू कोण, असा प्रश्न असेल तर उत्तर सामी नाही. ते चार वर्षांहून अधिक आधी डेली सिटीत मटिल्डा कास्त्रेनने करून ठेवलं होतं.