आमचे दादा आणि खोडव्याचे पाचट

आमचे दादा गेल्या महिन्यात गेले. मराठा लाइट इन्फन्ट्रीत २४ वर्षे नोकरी; डिसेंबर १९७१ मध्ये जमालपूरच्या लढाईत ते जंगी पलटणीत होते. घरी मात्र लढाईचा शब्द नाही.

खोडव्याचे पाचट त्यांनी कधी पेटवू दिले नाही. मला वाटे, ऊस विकास अधिकारी पोराचा सल्ला ऐकतात! हेक्टरी ८ ते १० टन पाचटाचा हिशेब मी त्यांना सांगत बसे.

दहाव्याला पलटणीतले सोबती आले. टोप्या चढवून, सावधान उभे राहून त्यांनी सलाम केला. मग एकजण म्हणाले, "जळालेली गावं बघितली होती रे आम्ही. पुढंही कुठं धूर दिसला की तुझा बाप गप्प व्हायचा."

यंदा खोडव्यात पाचट मी स्वतः पसरले.