संगणकाचा प्रोसेसर थंड राखणे : लेप वापरावा की पट्टी ?

प्राथमिक शाळांतून संगणक येऊन आता बराच काळ लोटला आहे. त्यांपैकी पुष्कळ यंत्रे जुनी झाली असून ती मध्येच अडखळतात, पंख्याचा मोठा घोंघाट करतात आणि यू-डायसची माहिती भरण्याच्या ऐन दिवसांत आपोआप बंद पडतात. असे यंत्र निकामी समजून कोपऱ्यात ठेवले जाते, अथवा प्रोसेसर नवा घ्यावा लागेल असा सल्ला शाळेस मिळतो. वस्तुतः कित्येकदा यंत्राचा एकही भाग बिघडलेला नसतो. बिघडलेला असतो तो केवळ धातूच्या दोन पृष्ठभागांमधील, कागदाहूनही पातळ असा एक थर. हा थर कशाचा असावा याविषयी बाजारात दोन वस्तू पुढे केल्या जातात. एक नळीतून मिळणारा लेप, म्हणजे थर्मल पेस्ट. दुसरी रबरासारखी मऊ पट्टी, म्हणजे थर्मल पॅड. यांपैकी कोणती वस्तू कोठे वापरावी हे ठरविण्यास आपण पाचवी-सहावीच्या वर्गात शिकवितो त्याहून फारसे निराळे ज्ञान लागत नाही.

मेजावरील सामान्य संगणकाचा प्रोसेसर पूर्ण भाराने काम करीत असता सुमारे ६५ वॅट उष्णता निर्माण करतो. जुन्या ६० वॅटच्या विजेच्या दिव्याच्या काचेला तो पेटलेला असता हात लावता येत नसे, हे अनेकांस आठवत असेल. येथे तेवढीच उष्णता बोटाच्या नखाएवढ्या सिलिकॉनच्या तुकड्यात उत्पन्न होते. त्या तुकड्यावर तांब्याचे झाकण असते, झाकणावर ॲल्युमिनियमचा अथवा तांब्याचा पातळ पात्यांचा ठोकळा बसविलेला असतो, त्यास हीटसिंक म्हणतात, आणि त्यावर पंखा. उष्णतेने झाकणातून ठोकळ्यात जावे व तेथून हवेत निघून जावे, अशी ही योजना आहे.

अडचण येते ती झाकण व ठोकळा जेथे एकमेकांस टेकतात तेथे. दोन्ही पृष्ठभाग डोळ्यांस गुळगुळीत दिसले तरी सूक्ष्म पाहता त्यांवर उंचवटे व खळगे असतात. उंचवटे तेवढे एकमेकांस टेकतात. खळग्यांत हवा अडकून राहते. तांब्याची उष्णतावाहकता सुमारे ४०० वॅट प्रतिमीटर प्रतिकेल्व्हिन, ॲल्युमिनियमची सुमारे २३७, तर हवेची अवघी ०.०२६ आहे. म्हणजे तांबे हवेपेक्षा सुमारे पंधरा हजार पटींनी अधिक वाहक ठरते. गोधडीत ऊब टिकते ती मुख्यतः तिच्या थरांत अडकलेल्या हवेमुळे, हे आपण मुलांस सांगतोच. प्रोसेसर व ठोकळा यांच्यामध्ये हवा राहू देणे म्हणजे प्रोसेसरला गोधडी पांघरण्यासारखेच आहे.

हे वर्गात दाखविणे सोपे आहे. सूक्ष्मदर्शकाच्या दोन स्वच्छ काचपट्ट्या एकमेकींवर ठेवून तिरप्या उजेडात धराव्यात. मध्ये रंगीत पट्टे दिसतात. ती अडकलेल्या हवेच्या पातळ थराची खूण होय. आता मध्ये खोबरेल तेलाचा एक थेंब सोडून पट्ट्या हलकेच दाबाव्यात. तेल पसरते, हवा निघून जाते व रंग जवळजवळ नाहीसे होतात. लेपाचे कार्य हेच.

लेप हा बहुधा सिलिकॉन तेलात झिंक ऑक्साइड अथवा ॲल्युमिनियम ऑक्साइड यांसारखी बारीक भुकटी मळून केलेला असतो. स्वस्त लेपाची वाहकता १ च्या आसपास, चांगल्या लेपाची ५ ते ८ इतकी असते. हा आकडा तांब्यापुढे नगण्य आहे, ही गोष्ट विसरता कामा नये. लेप हा उत्तम वाहक नव्हे. तो हवेपेक्षा बरा आहे इतकेच. त्यामुळे तो खळगे भरण्यापुरताच असावा. घडीव दगडांच्या भिंतीत कसबी गवंडी चुना अगदी पातळ घालतो, कारण भार दगडांनी पेलावयाचा असतो. परंतु ओबडधोबड दगडांमध्ये फट मोठी राहिली तर तेथे पातळ चुना काय करणार ? तेथे चिपाच बसवावी लागते. थर्मल पट्टी ही अशी चिप आहे.

पट्टी मऊ सिलिकॉन रबराची असून तीतही तशीच भुकटी असते. ती अर्धा, एक, दीड, दोन, तीन मिलिमीटर अशा जाडीत मिळते व दाबली असता थोडी चेपते. एकाच धातूच्या पत्र्याखाली निरनिराळ्या उंचीचे भाग असतील, तर सर्वांत उंच भागास पत्रा टेकतो व इतरांवर दिसण्याजोगी फट राहते. चित्रपटलासाठीच्या ग्राफिक्स कार्डावरील स्मृतीचे तुकडे, वीजदाब नियंत्रित करणारे भाग, एस.एस.डी. साठवणपट्टी ही अशी ठिकाणे होत. तेथे लेप भरून फट बुजविण्याचा यत्न व्यर्थ आहे. तो ओघळतो अथवा मध्ये पोकळी ठेवतो.

आता प्रोसेसरपुरता हिशेब मांडून पाहू. झाकणाचा उपयोगी पृष्ठभाग ९ चौरस सेंटिमीटर धरू आणि उष्णता ६५ वॅट. थराच्या जाडीस वाहकतेने व क्षेत्रफळाने भागून उष्णतेने गुणले, की थराच्या दोन बाजूंच्या तापमानांतील फरक मिळतो. ५ वाहकतेच्या लेपाचा ०.०५ मिलिमीटर थर असेल तर हा फरक एक अंशाहूनही कमी, सुमारे ०.७ अंश येतो. ६ वाहकतेची एक मिलिमीटर जाड पट्टी घातली तर तो सुमारे १२ अंश होतो. पट्टीची वाहकता अधिक असूनही ती हरली, कारण ती वीसपट जाड आहे. आणि त्या ०.०५ मिलिमीटरमध्ये नुसती हवाच असती तर फरक सुमारे १३९ अंश आला असता ! प्रत्यक्षात उष्णता झाकणाच्या मध्यभागी एकवटलेली असल्याने लेपाचे व पट्टीचे आकडे याहून काहीसे वाढतात. परंतु निर्णय बदलत नाही. वेष्टनावर मोठ्या अक्षरांत छापलेल्या वाहकतेपेक्षा थराची जाडी अधिक पाहावी. प्रोसेसर व ठोकळा घट्ट दाबून बसविलेले असतील तर लेप. दोहोंमध्ये मोजता येईल अशी फट असेल तर पट्टी.

बारा अंश म्हणजे काय मोठे, असे कोणास वाटेल. विदर्भात चंद्रपूर-नागपूरकडे उन्हाळ्यात बाहेरचे तापमान ४५ अंशांच्या वर जाते. पंखा ठोकळ्यावर खोलीतीलच हवा फेकतो. त्यामुळे खोली वीस अंशांनी तापली की प्रोसेसरही जवळजवळ वीस अंशांनी तापतो. बहुतेक प्रोसेसर ९० ते १०० अंशांच्या सुमारास स्वतःच्या रक्षणार्थ आपला वेग कमी करतात व त्यापुढे यंत्र बंद करतात. पौषात सुरळीत चालणारे यंत्र चैत्रात का बंद पडते, याचे कारण बहुधा येथेच सापडते.

यास एक खरा अपवाद आहे. हनीवेल कंपनीची पीटीएम ७९५० नावाची पट्टी सुमारे ४५ अंशांवर मऊ होऊन वितळू लागते व दाबाखाली पातळ पसरते. ती विकली जाते पट्टी म्हणून, कार्य करते लेपाचे. मांडीवरच्या संगणकात झाकणाविना उघड्या प्रोसेसरवर लेप वारंवार तापून-निवून कडेकडे सरकत जातो; तेथे ही पट्टी विशेष उपयोगी पडते. तसेच २०२३ मध्ये आलेल्या रास्पबेरी पाय ५ या छोट्या संगणकाच्या अधिकृत शीतकास पट्ट्याच लावलेल्या येतात, आणि ते योग्यच आहे. कारण तेथे उष्णता थोडी असून एकाच ठोकळ्यास अनेक भाग टेकवावयाचे असतात.

यंत्र उघडण्यापूर्वी वीज तोडावी व हात मोकळ्या धातूस लावून घ्यावा. प्रथम पात्यांत साचलेली धूळ काढावी. शाळेच्या आवारातील मातीने ती इतकी भरते, की कित्येकदा एवढ्यानेच काम भागते. मग लेपास हात लावण्याचे कारण नाही. ठोकळा काढावयाचाच असेल तर यंत्र आधी दहा-पंधरा मिनिटे चालवून लेप कोमट होऊ द्यावा, मग वीज तोडून ठोकळा किंचित डावी-उजवीकडे फिरवीत सोडवावा. सरळ उपटू नये. खाली टाचण्या असलेले प्रोसेसर, विशेषतः एएमडी कंपनीचे एएम ४ बैठकीचे, वाळलेल्या लेपास चिकटून बैठकीतून उपटले जातात व टाचण्या वाकतात. जुना लेप आयसोप्रोपिल अल्कोहोल व धागे न सुटणारे कापड यांनी पूर्ण पुसावा. नवा लेप मध्यभागी तुरीच्या दाण्याहून किंचित मोठा ठेवावा. थेंब ठेवावा, रेघ ओढावी की फुली काढावी यावर फार वाद घालतात. ठोकळ्याच्या दाबाने तो पसरतोच. स्क्रू समोरासमोरचे आळीपाळीने, थोडे थोडे आवळावेत.

जुनी पट्टी बदलताना मात्र तिची जाडी मोजून तेवढ्याच जाडीची घ्यावी. जाड पट्टी अधिक चांगली, हा समज घातक आहे. जाड पट्टी पत्रा उचलून धरते, आणि जो प्रोसेसर पत्र्यास टेकावयाचा तोच अधांतरी राहतो.

लेप नाही म्हणून दात घासण्याची पेस्ट लावण्याची युक्ती काही जण सांगतात. तीत पाणी असते. ते उडून गेले की पापुद्रे राहतात. द्रवरूप धातू या नावाने मिळणारा लेप तर शाळेत आणूच नये. त्यातील गॅलियम ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यास पोखरतो, आणि तो विजेचा वाहक असल्याने एक थेंब भलतीकडे पडला तरी मुख्य पट्ट जळू शकतो.

लेप दरवर्षी बदलण्याची आवश्यकता नसते. चांगला लेप काही वर्षे टिकतो. बदलण्यापूर्वी व नंतर प्रोसेसरचे तापमान पाहून ठेवावे. अनेक यंत्रांत सुरू होतेवेळी डिलीट अथवा एफ २ कळ दाबली असता जे पान उघडते त्यावर ते दिसते. त्यासोबत खोलीचे तापमानही टिपावे व दोहोंतील अंतराची तुलना करावी, अन्यथा सकाळची शाळा आणि दुपारची शाळा यांचे आकडे निष्कारण घोटाळ्यात टाकतील. ही टिपणे, दिनांक आणि लावलेल्या लेपाचे नाव लिहिलेली चिठ्ठी यंत्राच्या बाहेरील बाजूस डकवावी. बदली होऊन येणाऱ्या शिक्षकास ती उपयोगी पडेल.