सोडलेली जागा

शाळेत असताना एलिमेंटरीच्या परीक्षेआधी चित्रकलेचे सर आम्हाला रविवारी सकाळी बोलवायचे. शेवगावात, आमच्या तालुक्याच्या गावी, तेव्हा चित्रकला शिकणं म्हणजे ही परीक्षा आणि तिच्यानंतरची इंटरमिजिएट. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, आणि भूमितीच्या जोडीला अक्षरलेखन. संकल्पचित्राच्या चौकोनात मी पानंफुलं कोंबून भरायचो. कुठे कोरं दिसलं की तिथे आणखी एक पान. सरांनी एकदा माझा कागद उचलला, हात लांब करून पाहिला आणि म्हणाले, "भरायला सगळ्यांनाच येतं. तू जागा सोडायला शीक."

ग्राफिक डिझाइनच्या कुठल्याही पहिल्या अभ्यासक्रमाचं सार त्या दोन वाक्यांत होतं. ते मला फार उशिरा कळलं. आज तो अभ्यासक्रम पुन्हा आठवायचं कारण आहे. २०२४-२५ पासून महाराष्ट्रातल्या संलग्न महाविद्यालयांत नवं शैक्षणिक धोरण लागू झालं आणि पदवीच्या मुलांना मुख्य विषयाबरोबर कौशल्याचे छोटे विषय घेता येऊ लागले. दोन श्रेयांकांचा प्रात्यक्षिक विषय म्हणजे साठ तास. दृश्यरचनेची मूलतत्त्वं शिकायला पूर्वी मुंबई-पुणे गाठावं लागे. आता वाणिज्याच्या किंवा रसायनशास्त्राच्या मुलालाही ती तालुक्याच्या गावात शिकवता येतील, अशी वाट मोकळी झाली आहे. या साठ तासांत काय शिकवायचं हे ठरवण्याआधी, हा धडा आपल्याकडे कुठून कुठून आला ते पाहायला हवं.

मुंबईचं जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ चं. तिथे १९३५ साली व्यावसायिक कलेचा विभाग सुरू झाला. चित्रकार होऊ पाहणाऱ्या मुलांना जाहिरात, वेष्टन, पुस्तकाचं मुखपृष्ठ, पोस्टर हेही कलेचंच काम आहे, हे तिथे पहिल्यांदा पद्धतशीर शिकवलं गेलं. विभाग वाढवण्यात व्ही. एन. आडारकर यांचा मोठा वाटा. १९६१ मध्ये तो वेगळा होऊन उपयोजित कलेची स्वतंत्र संस्था झाली. १९६५ मध्ये राज्याचं कला संचालनालय आलं आणि पायाभूत वर्ग, पदविका, ग्रेड परीक्षा यांची घडी बसली. माझ्या हातातला एलिमेंटरीचा कागद त्याच झाडाची शेवगावपर्यंत पोचलेली फांदी होती.

पहिल्या वर्षी सगळ्यांनी एकच पायाभूत धडा गिरवायचा, ही कल्पना जगात त्याआधी रुजली होती. जर्मनीतल्या वायमार इथे १९१९ मध्ये बाउहाउस सुरू झालं. योहानेस इटेन तिथल्या प्राथमिक वर्गात मुलांना थेट चित्र काढायला लावत नसत. आधी रेषा, पोत, रंगांचा विरोध, उजेड-अंधार. वस्तू बनवण्याआधी नजर बनवायची. आपल्या चित्रकलेच्या पुस्तकांत रेषा, आकार, रंग, छटा, पोत असे घटक येतात आणि पुढे समतोल, लय, प्रमाण, विरोध, सुसंवाद अशी तत्त्वं येतात. त्यांमागेही हाच विचार आहे. परीक्षेसाठी आम्ही ती पाठ करायचो. ती वापरताना मी पाहिली ती मात्र शाळेबाहेर.

आमच्या भागात अक्षराची आणि छपाईची माणसं कधी कमी नव्हती. शेजारच्या नेवाशात ज्ञानेश्वरी सांगितली गेली आणि सच्चिदानंदबाबांनी ती उतरून घेतली, ही आठवण इथल्या घराघरांत आहे. हातानं लिहिलेल्या जुन्या पोथ्या उघडून पाहिल्या तर ओळ सलग धावते, शब्द आणि शब्द यांच्यात फट नसते. वाचणारा ती फट आवाजानं पाडायचा. डोळ्यांसाठी शब्दाशब्दांत जागा सोडायची सवय आपल्याकडे पक्की झाली ती छापखान्यानं. अमेरिकन मिशनचं 'ज्ञानोदय' १८४२ मध्ये अहमदनगरहून निघालं. मुंबईत जावजी दादाजींचा निर्णयसागर छापखाना १८६९ मध्ये उभा राहिला आणि राणू रावजी आरूंनी कोरलेले त्याचे खिळे देवनागरीचं प्रमाण ठरले. मुकुंदराव पाटलांनी तर १९१० पासून नेवासे तालुक्यातल्या तरवडीसारख्या खेड्यातून 'दीनमित्र' चालवलं, ते १९६७ साली जाईपर्यंत. शेवगावहून कुकाण्याच्या रस्त्याला लागलं की तरवडी फार लांब नाही. शेतकऱ्यांसाठीचं एक वृत्तपत्र सत्तावन्न वर्षं खेड्यातून चालतं, तेव्हा त्यामागे स्तंभ आखणारे, मथळा कुठे मोठा करायचा हे जाणणारे हात असतात. त्यांच्यापैकी कुणी समतोलाची व्याख्या लिहिली नसेल. काम मात्र समतोलानंच चालत होतं.

खिळ्यांच्या छापखान्याची एक गोष्ट मला नेहमी विलक्षण वाटत आली आहे. तिथे मोकळी जागासुद्धा वस्तू होती. दोन शब्दांमध्ये स्पेस घालायची म्हणजे शिशाचा बारीक तुकडा उचलून जुळणीच्या स्टिकमध्ये बसवायचा. ओळ संपल्यावर उरलेल्या जागेत क्वाड, दोन ओळींमध्ये लेडची पट्टी. कोरेपणाला वजन होतं, ते हाताला लागायचं. त्यामुळे कंपोझिटर जागा विचारून सोडायचा. लग्नपत्रिका जुळवताना सर्वांत वर गणपतीचा ब्लॉक आणि कुलदैवत, मग निमंत्रकाचा बारीक मजकूर, मग वधूवरांची नावं मोठ्या खिळ्यात आणि त्यांच्या चारी बाजूंना मोकळं. मुहूर्त त्याखाली, स्थळ आणखी खाली. आज पहिल्याच तासाला महत्त्वानुसार क्रम म्हणून जे शिकवतात, ते तिथे रीत म्हणून सांभाळलं जात होतं.

दुसरी शाळा पेंटरची. गावात फलक लिहिणारा पेंटर भिंतीवर चुना मारून घ्यायचा, मग गेरूत भिजवलेली दोरी दोन टोकांना ताणून मध्ये उचलून सोडायचा. भिंतीवर सरळ लाल रेघ उमटायची. ती शिरोरेषा. खाली आणखी एक, पायाची. लहानपणी मी तासन्‌तास हे पाहत उभा राहायचो. तो आधी खडूनं सगळी अक्षरं हलकी आखायचा, रस्ता ओलांडून पलीकडे जायचा, तिथून डोळे बारीक करून पाहायचा, परत येऊन एखादं अक्षर पुसून दोन बोटं सरकवायचा. कपाशीच्या बियाण्याची जाहिरात असो की गणेशोत्सवाचा फलक, रस्ता ओलांडल्याशिवाय त्यानं ब्रश रंगात बुडवला नाही. वाचणारा कुठे उभा आहे, तो चालत जातोय की एसटीच्या खिडकीतून पाहतोय, हे त्याला आधी कळायला हवं असायचं. माझ्या मते अभ्यासक्रमातला हा सर्वांत मोठा धडा.

औपचारिक कलाशिक्षण न घेता अक्षराच्या बळावर मोठी झालेली माणसं महाराष्ट्रानं पाहिली आहेत. कमल शेडगे १९३५ चे, म्हणजे जे. जे.तल्या त्या विभागाच्याच वयाचे. टाइम्सच्या कला विभागात काम करता करता ते घडले आणि मराठी नाटकांची नावं त्यांच्या अक्षरांत लोकांच्या लक्षात राहिली. नाटकाचा स्वभाव अक्षराच्या वळणातून कळायचा. २०२० मध्ये ते गेले. त्यांचं काम पाहिलं की वाटतं, अभ्यासक्रम नसतानाही नजर तयार होते, पण त्यासाठी रोज कामाला जुंपलेला हात आणि शेजारी जाणता माणूस लागतो. प्रत्येक गावाला तो मिळत नाही. वर्ग लागतो तो त्यासाठी.

मग डीटीपी, म्हणजे संगणकावरची अक्षरजुळणी, आलं. नव्वदच्या दशकात तालुक्याच्या गावांत संगणकाची दुकानं निघाली. पेजमेकर, कोरलड्रॉ आणि मराठीसाठी पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी. तीन महिन्यांच्या क्लासमध्ये कुठलं बटण काय करतं ते शिकवत. मीही तसाच शिकलो आणि काही वर्षं त्याच कामावर जगलो. पत्रिका, पावतीपुस्तकं, पतसंस्थांचे अहवाल, साखर कारखान्यांच्या निवडणुकीची पत्रकं. काम भराभर होऊ लागलं, आणि त्या वेगात एक गोष्ट निसटली. मोकळ्या जागेचं वजन गेलं. ती आता शिशाची राहिली नव्हती. फुकट होती, म्हणून तिची किंमतही उरली नाही. गिऱ्हाईक म्हणायचं, "इथे कोरं दिसतंय, काहीतरी टाका." मी टाकायचो. एलिमेंटरीतलं ते पान पुन्हा हातात आलं होतं. पुढे फ्लेक्स आले, पेंटरच्या दोऱ्या खुंटीला लागल्या. फलकावर जितके चेहरे तितका मान, अशी रीत पडली. त्यात दोष कुणा एकाचा नव्हता. अवजार गावात आलं, नजर शिकवणारा तास आला नाही.

शहरात याच काळात फार मोलाचं काम चाललं होतं. आयआयटी मुंबईत औद्योगिक अभिकल्पाचं केंद्र १९६९ पासून होतं. जे. जे.चेच विद्यार्थी असलेले र. कृ. जोशी १९८३ ते १९९६ तिथे शिकवत होते. जाहिरातक्षेत्रात नाव कमावलेल्या या माणसानं आपलं उत्तरायुष्य भारतीय लिप्या संगणकावर नीट बसाव्यात यासाठी घातलं. विंडोजमधला 'मंगल' हा देवनागरी फॉन्ट त्यांचा. युनिकोड रुळल्यावर दुकानादुकानांतल्या वेगवेगळ्या सांकेतिक फॉन्टांचा गुंता सुटू लागला. पुढे मुंबईच्या 'एक टाइप'नं 'मुक्त', 'बलू' यांसारखे फॉन्ट सर्वांना विनामूल्य खुले केले. आज शेवगावातल्या मुलीच्या मोबाइलमध्ये जितकी चांगली देवनागरी अक्षरं आहेत, तितकी निर्णयसागरच्या खिळ्यांच्या केसमध्येही नव्हती.

साहित्य आलं, आता तास आला आहे. पण त्यासाठी हाताशी येणारी पुस्तकं आणि तयार साचे बहुतेक रोमन लिपीवर बेतलेले असतात. अमेरिकेच्या रॉबिन विल्यम्स यांनी १९९४ मध्ये नवशिक्यांसाठी चार तत्त्वं सोपी करून मांडली : विरोध, पुनरावृत्ती, अलाइनमेंट आणि जवळीक. तत्त्वं जगभर खरी आहेत. उदाहरणं मात्र जशीच्या तशी उचलली तर फसगत होते. एखादं पुस्तक म्हणतं, ठसवायचा शब्द कॅपिटलमध्ये लिहा. आपल्याकडे कॅपिटल नाहीत. ठसवायचं तर जाडी, आकार, रंग किंवा जागा. दुसरं म्हणतं, मथळ्यातली अक्षरं थोडी विरळ करा, ऐटदार दिसतात. देवनागरीत अक्षरं विरळ केली की शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे होतात. साच्यातलं ओळींचं अंतर तसंच ठेवलं तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफाराला आणि वेलांटीला भिडतो, कारण आपलं अक्षर शिरोरेषेच्या वरही राहतं आणि पायाच्या खालीही. रोमन अक्षर पायाच्या रेषेवर उभं असतं, आपलं शिरोरेषेला लटकलेलं. दोन भाषांचा फलक आखताना हे कळलं नाही तर एक लिपी नेहमी दुसरीपेक्षा बारीक किंवा घसरलेली दिसते.

म्हणून मला मनापासून वाटतं की आपल्या साठ तासांची सुरुवात संगणकानं होऊ नये. पहिले दहा तास कागद, बोरू आणि काळा रंग. तिरका कापलेला बोरू हातात धरला की जाड कुठे येतं, बारीक कुठे येतं, हे कुणी सांगावं लागत नाही. पुढचे दहा तास गावात : जुन्या भिंती, एसटीच्या पाट्या, आजोबांच्या लग्नाच्या पत्रिका, देवळातले शिलालेख. घोटणला मल्लिकार्जुनाचं जुनं मंदिर आहे, त्याच्या दगडातली लय पाहायला तालुक्याबाहेर जावं लागत नाही. मग रंग, मग रचना, आणि शेवटी संगणक. तोवर मूल काय शोधायचं ते ठरवून त्याच्यासमोर बसेल.

पहिल्या तासाला तर एकच शब्द पुरे. फळ्यावर मोठ्या अक्षरात 'शेवगाव' लिहावं. पहिल्याच अक्षरावर मात्रा, म्हणजे वरचं सगळं वजन डावीकडे. हा असमतोल सावरायचा कसा? मध्ये 'गा', त्याच्या तीन उभ्या रेघा शेजारी शेजारी, त्यांच्यात किती फट ठेवायची? कमी ठेवली तर कुंपण होतं, जास्त ठेवली तर काना परका वाटतो. त्या रेघांच्या दोन्ही अंगांना एकेक 'व', गोल पोटाचा. पुनरावृत्ती तीच, गोल आणि उभ्याचा विरोधही तोच. खाली उकार नाही, म्हणून पायाची रेषा मोकळी, आणि वरून चारही अक्षरांना धरून ठेवणारी एक अखंड शिरोरेषा. समतोल, लय, विरोध, एकसंधता : पाठ केलेला प्रत्येक शब्द इथे डोळ्यांना दिसतो, आणि तो आपल्या गावाच्या नावात दिसतो.

मग मुलांना सांगावं, अक्षरांकडे पाहू नका, त्यांच्यामधल्या पांढऱ्याकडे पाहा. 'व'च्या पोटातलं पांढरं, 'ग' आणि कान्याच्या मधलं पांढरं, मात्रेखालचं पांढरं. ते सगळं सारखं वाटेपर्यंत अक्षरं सरकवत राहा. गावातल्या त्या पेंटरसारखं वर्गाच्या मागच्या भिंतीपर्यंत जा, तिथून पाहा आणि परत या. सरांनी माझा कागद हात लांब करून पाहिला होता, तो याचसाठी.