बोलून नेमकं काय बरं होतं?

रायपूरच्या बुढापाऱ्यात गाऱ्हाणी मांडायला जागेची कधी वाण नव्हती. बुढा तालाबाजवळच्या धरणास्थळावर राज्यभरातले कर्मचारी वर्षानुवर्षे मांडव घालून बसत असत, आणि लाउडस्पीकरवरच्या त्यांच्या मागण्या आसपासच्या घरांना पाठ झाल्या होत्या. त्याच घरांतलं ‘हल्ली कशातच मन लागत नाही’ हे गाऱ्हाणं मात्र उंबऱ्याबाहेर पडत नाही. बुढापारा, तात्यापारा, ब्राह्मणपारा या भागांत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी घरांतही ते ॲसिडिटी, डोकेदुखी, झोप न लागणं अशा वेषांतर केलेल्या रूपातच डॉक्टरांपुढे येतं. रक्त तपासलं जातं, थायरॉइड नॉर्मल निघतं, बी-ट्वेल्व्हची इंजेक्शनं टोचून होतात. मग कधीतरी मुलगी पुण्याहून फोनवर सांगते, ‘आई, एखाद्या थेरपिस्टला दाखवूया.’

घरात लगेच दोन प्रश्न उभे राहतात. थेरपिस्ट शोधायचा कुठे? आणि नुसतं बोलून काय होणार, बोलायला आम्ही नाही का घरात? दुसरा प्रश्न आधी घ्यावा असं मला वाटतं, कारण त्याचं उत्तर कळलं की पहिला निम्मा सुटतो.

त्यासाठी गोव्याला जावं लागेल. तिथल्या ‘संगाथ’ या संस्थेने डॉ. विक्रम पटेल यांच्या नेतृत्वाखाली दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक चाचणी केली. तिचे निष्कर्ष ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. मध्यम-तीव्र ते तीव्र नैराश्य असलेले ४९५ रुग्ण चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गटांत विभागले. एका गटाला आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांचे नेहमीचे, थोडे सुधारलेले उपचार मिळाले. दुसऱ्याला तेच उपचार, आणि शिवाय समुपदेशकाबरोबर सहा ते आठ भेटी, प्रत्येकी अर्ध्या-पाऊण तासाच्या. हे समुपदेशक ना मानसोपचारतज्ज्ञ होते ना मानसशास्त्राचे पदवीधर. या कामाचा आधीचा कसलाही अनुभव नसलेली स्थानिक माणसं काही आठवड्यांचं प्रशिक्षण देऊन तयार केली होती. तीन महिन्यांनी पहिल्या गटातले ३९ टक्के लोक नैराश्याच्या बाहेर आले होते, दुसऱ्या गटातले ६४ टक्के. वर्षभरानंतर पुन्हा पाहिलं तेव्हाही फायदा टिकून होता.

गप्पा मारून हा फरक पडत नाही. या समुपदेशकांच्या सत्रांचं ध्वनिमुद्रण होई, ते सगळे मिळून ऐकत आणि ठरलेल्या निकषांवर एकमेकांना गुण देत. कुठे सल्ला घुसडला, कुठे रुग्णाचं वाक्य तोडलं, कुठे ठरलेली पायरी गाळली, ते काढून दाखवलं जाई. संपूर्ण संशोधनात मला सर्वांत बोलका वाटतो तो हा तपशील. थेरपी हे शिकता येणारं आणि तपासता येणारं कौशल्य आहे, एवढं त्यावरून कळतं.

गोव्यातल्या पद्धतीच्या मुळाशी ‘बिहेव्हियरल ॲक्टिव्हेशन’ आहे, म्हणजे कृतीतून उभारी. नाव जड असलं तरी आत काय चालतं ते अगदी घरगुती आहे. समजा, बुढापाऱ्यातल्या एक निवृत्त शिक्षिका आहेत. पहाटे तलावाला फेरी, येताना भाजी, संध्याकाळी भजनी मंडळ असा त्यांचा दिवस. यजमान गेले आणि फेरी सुटली. फेरी सुटली तशा वाटेत भेटणाऱ्या मैत्रिणी सुटल्या. ‘मन नाही’ म्हणून मंडळ बुडालं, मंडळ बुडालं म्हणून मन आणखी खचलं. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ पीटर लुइन्सन यांनी १९७०च्या दशकात नैराश्याची मांडणी केली ती याच चक्राची: आनंद देणाऱ्या गोष्टी आयुष्यातून गळत जातात, माणूस आणखी आक्रसतो, त्यामुळे आणखी गळतात.

प्रशिक्षित समुपदेशक इथे ‘काकू, सकारात्मक विचार करा’ म्हणत नाही. ती विचारते, ‘काकू, काल उठल्यापासून काय काय केलंत?’ कागदावर तासांचे रकाने असतात. प्रत्येकापुढे काय केलं आणि मनाला कसं वाटलं याचा दहापैकी आकडा. आठवडाभराच्या नोंदी पाहताना दिसतं की बहुतेक रकान्यांत दोन-तीन आहेत, पण नातीशी व्हिडिओ कॉल झाला त्या दुपारी पाच आहे. ‘दिवसभर नुसतं वाईट वाटतं’ या वाक्याला पडलेली ही पहिली चीर. मग पुढच्या आठवड्यासाठी एक काम ठरतं, आणि ते मुद्दाम छोटं असतं. ‘रोज फिरायला जा’ असं नाही. ‘मंगळवारी साडेसहाला चपला घालायच्या आणि शेजारच्या वहिनींबरोबर कोपऱ्यापर्यंत जाऊन यायचं’ इतकंच. जमलं नाही तर रागावणं नाही; आडवं काय आलं ते शोधायचं. रात्री दोनपर्यंत जाग, म्हणून सकाळी त्राण नाही? मग वेळ बदलायची. ‘मन लागलं की करीन’ हा क्रम आपण उलटा धरलेला असतो. इथे आधी पाय हलतात, मन मागून येतं.

या विषयात मराठी माणसाला अगदीच नवखं वाटायचं कारण नाही. विचारांच्या बाजूने नैराश्याला हात घालणारी पद्धत आपल्याकडे पूर्वीच येऊन पोचली. अल्बर्ट एलिस यांनी १९५०च्या दशकात विवेकनिष्ठ मानसोपचार मांडला, आणि मुंबईच्या कि. मो. फडके यांनी त्यांच्याशी अनेक वर्षे पत्रव्यवहार करत तो मराठीत आणून रुजवला. एलिस यांच्यानंतर काही वर्षांनी ॲरन बेक यांनी बोधात्मक उपचार विकसित केले. दोघांचं सूत्र जवळचं: घटना आणि दुःख यांच्या मधे आपण केलेला अर्थ असतो. ‘मुलाने दोन दिवस फोन केला नाही’ ही घटना. ‘आता मी कुणालाच नको आहे’ हा अर्थ. थेरपिस्ट हा अर्थ खोडून काढत नाही. त्याला पुरावा काय, दुसरा अर्थ लागू शकतो का, हे रुग्णालाच तपासायला लावते. घरची माणसं नेमकी इथे घसरतात. ती प्रेमापोटी लगेच वाद घालतात, ‘असं काही नाहीये, उगाच मनाला लावून घेतेस’, आणि ऐकणाऱ्याचं दार बंद होतं. थेरपिस्टचं काम घरच्यांना जमत नाही त्यात माया कमी पडते असं नाही. ज्याचं स्वतःचं काही पणाला लागलेलं नाही असा कान घरात मिळत नाही.

विचार आणि कृती यांत जास्त महत्त्वाचं काय? नील जेकबसन यांनी १९९६मध्ये बोधात्मक उपचारांचे सुटे भाग करून पाहिले. विचारांवरचा भाग काढून फक्त कृतीचा भाग दिला तरी रुग्ण जवळपास तितकेच सुधारले. २०१६मध्ये इंग्लंडमध्ये ४४० रुग्णांवरच्या चाचणीत कनिष्ठ कर्मचाऱ्यांनी दिलेली कृतीची थेरपी अनुभवी मानसोपचारकांच्या बोधात्मक उपचारांपेक्षा उणी ठरली नाही, आणि स्वस्त पडली. तेव्हा भिंतीवर पदव्यांच्या चौकटी किती, यापेक्षा आतमध्ये पद्धतशीर काम होतं का, हे पाहणं शहाणपणाचं.

थेरपी जादू नाही हेही स्पष्ट सांगायला हवं. शेकडो चाचण्यांचा एकत्रित हिशेब मांडला तर साधारण दोन महिन्यांत थेरपी घेणाऱ्यांपैकी ४१ टक्के लोकांची लक्षणं निम्म्याने किंवा अधिक उतरतात; नेहमीच्या उपचारांत हे प्रमाण १७ टक्के. बाकीच्यांना वेगळी पद्धत, औषधं किंवा दोन्ही लागतात. नैराश्य तीव्र किंवा जुनाट असेल तर औषध आणि थेरपी मिळून जास्त गुण देतात. ‘गोळ्यांची सवय लागते, त्यापेक्षा बोलणं बरं’ असा हट्ट धरून औषध टाळणं धोक्याचं. मरणाचे विचार येत असतील तर पुढच्या आठवड्याच्या भेटीची वाट पाहायची नाही. त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं.

आता पहिला प्रश्न. २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात छत्तीसगडसह १२ राज्यं होती. नैराश्य असलेल्या शंभरातल्या सुमारे ८५ जणांपर्यंत उपचार पोचतच नाहीत, असं त्यात दिसलं. माणसं कमी आहेत हे खरंच, पण आहेत त्यांच्यापर्यंतही कुणी जात नाही. शेजारच्या विदर्भात, अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ प्रकल्पाने गावातल्याच कार्यकर्त्यांना तयार केलं, तेव्हा नैराश्यासाठी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण दीड वर्षात ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. छत्तीसगडमध्ये तर २००२पासून गावोगावी मितानिन या आरोग्य कार्यकर्त्या आहेत, आशा कार्यकर्त्यांच्याही आधीपासून. हे बळ या कामी लावता येईल का, याचा विचार रायपूरने करायला हवा.

तोवर बुढापाऱ्यातल्या घराने काय करावं? मेकाहारा, म्हणजे डॉ. आंबेडकर रुग्णालय, आणि टाटीबंधचं एम्स या दोन्ही सरकारी रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत. सुरुवात तिथून करावी, निदान नक्की होतं. मानसोपचारतज्ज्ञ हे एमबीबीएस होऊन पुढे शिकलेले डॉक्टर. औषध लिहून देणारे ते. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट औषध देत नाहीत, थेरपी देतात, आणि त्यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. नोंदणी क्रमांक विचारायला संकोच करू नये. ‘काउन्सेलर’ ही पाटी मात्र कुणीही लावू शकतं, तिथे जास्त चौकशी हवी. पहिल्याच भेटीत विचारावं: पद्धत कोणती, साधारण किती सत्रं, सुधारणा मोजणार कशी? आल्या-गेल्याला ग्रहमान सांगणारे, पहिल्याच तासात उपदेश सुरू करणारे, तुमचं बोलणं तुमच्या नवऱ्याला कळवणारे यांच्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नये. गोपनीयता हा २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने दिलेला हक्क आहे, कुणाची मेहेरबानी नाही.

भाषेचाही विचार करावा. रायपूरचा मराठी माणूस बाजारात छत्तीसगडी, कचेरीत हिंदी आणि घरात मराठी बोलतो. भांडताना आणि देवापुढे तोंडातून जी भाषा निघते, तिच्यात थेरपी घेतलेली बरी. गावात मराठी बोलणारं कुणी मिळालं नाही तर नागपूर, पुणे, ठाण्याहून ऑनलाइन सत्रं घेता येतात. घराच्या भिंती पातळ असतील, पलीकडे सासूबाई असतील, तर गच्चीवर किंवा उभ्या गाडीत बसून बोलणारेही आहेत. आणि रात्रीअपरात्री, पैसे न मोजता, १४४१६ हा टेलि-मानस या सरकारी हेल्पलाइनचा क्रमांक आहे. २०२२मध्ये सुरू झालेल्या या सेवेत मराठी आणि हिंदी दोन्ही चालतात.

सुधारणेच्या मोजणीसाठी ‘पीएचक्यू-९’ ही नऊ प्रश्नांची यादी वापरतात. मागच्या दोन आठवड्यांत झोप, भूक, उत्साह, एकाग्रता कशी होती, याला गुण द्यायचे. एकूण शून्य ते २७. गोव्याच्या चाचणीत १४च्या वर गुण असलेलेच रुग्ण घेतले होते, आणि १०च्या खाली उतरले त्यांना बरं झालं असं धरलं. पहिल्या भेटीचा आकडा लिहून ठेवावा. चौथ्या-पाचव्या भेटीपर्यंत तो जागचा हलला नसेल तर ते थेरपिस्टलाच सांगावं. चांगला थेरपिस्ट त्याचा राग मानत नाही. पद्धत बदलतो किंवा डॉक्टरांकडे पाठवतो. आकडा उतरला असेल तरी शेवटची एक-दोन सत्रं गाळू नयेत. नैराश्य पुन्हा डोकं वर काढतं, आणि त्या सत्रांत पुढची तयारी होते: पहिली खूण कोणती, म्हणजे काकूंच्या बाबतीत फेरी सुटणं की मंडळ बुडणं, आणि ती दिसली की त्याच आठवड्यात काय करायचं, कुणाला फोन लावायचा. अमेरिकेतल्या २००५च्या एका अभ्यासात औषध थांबवलेल्या रुग्णांपैकी ७६ टक्के वर्षभरात पुन्हा आजारी पडले, तर बोधात्मक उपचार घेऊन थांबलेल्यांपैकी ३१ टक्के. थेरपी संपली तरी शिकलेलं रुग्णाजवळ उरतं, असा या फरकाचा अर्थ संशोधकांनी लावला.